नो ड्यूजच्या फॉर्मवर नसलेली नावं: विद्यार्थीदशेत कृतज्ञतेची वही कशी ठेवायची

कॉलेज सोडताना एक फॉर्म भरावा लागतो, नो ड्यूजचा. ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, वसतिगृह, अकाउंट सेक्शन अशा पाच-सहा टेबलांवर तो घेऊन फिरायचं. एक साहेब जेवायला गेलेले असतात, दुसरे ‘उद्या या’ म्हणतात. सगळ्या सह्या झाल्या की ‘काही देणे नाही’ असा शिक्का पडतो आणि डिपॉझिट परत मिळतं. मी कॉलेजात शिकवते. दर उन्हाळ्यात पोरांची ही पळापळ बघताना माझ्या मनात येतं, की ज्यांचं खरं देणं आहे त्यांचं टेबल या फॉर्मवर नाहीच.

माझंच सांगते. अकरावी-बारावीला मी लातूरला खोली करून होते. गाव पन्नासेक किलोमीटरवर. घरून डबा यायचा, एसटीतून. चार पुड्यांचा पितळी डबा, फडक्यात बांधलेला, झाकणावर ऑइलपेंटने माझं नाव आणि ‘लातूर’. सकाळी साडेदहाला गाडी स्टँडवर लागायची. ड्रायव्हरच्या सीटमागे सात-आठ डबे ओळीने ठेवलेले असायचे आणि खाली आम्ही सात-आठ जण. आपला डबा उचलायचा, कालचा रिकामा तिथे ठेवायचा. आई साडेचारला उठून भाकरी थापते हे मला माहीत होतं. पण फाट्यावर गाडी थांबवून डबे चढवून घेणारे, उन्हाळ्यात ते इंजिनच्या धगीपासून जरा लांब सरकवणारे ड्रायव्हर होते, त्यांचं नाव मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. शिष्टपणा होता असंही नाही, सुचलंच नाही.

ते सुचावं, आणि वेळेत सुचावं, यासाठी काय करता येतं ते इथे लिहिते आहे. यातलं बरंचसं मी वर्गात पोरांकडून करून घेतलेलं आहे. काही चाललं, काही फसलं.

पायरी १ : वही आणि वार

खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. फोनमध्ये लिहू नका. त्यासाठी फोन उघडला की आधी तीन मेसेज वाचले जातात आणि मग काय लिहायचं होतं तेच आठवत नाही.

रोज लिहायचा हट्ट धरू नका. दर जानेवारीत पोरं रोज लिहायला लागतात आणि संक्रांतीपर्यंत वही गादीखाली जाते. आठवड्यातून एकदा पुरतं. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या दोन मानसशास्त्रज्ञांचा या विषयावरचा गाजलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या पहिल्या प्रयोगात कॉलेजची मुलंच होती आणि तीही आठवड्यातून एकदाच लिहीत होती. एका गटाने ज्याबद्दल बरं वाटलं अशा, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी लिहायच्या, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. दहा आठवड्यांनी पहिल्या गटाला आपलं आयुष्य एकंदरीत बरं चाललंय असं बाकीच्यांपेक्षा जास्त वाटत होतं आणि येणाऱ्या आठवड्याकडूनही त्यांना जास्त आशा होती. गंमत म्हणजे कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांचा व्यायामही जास्त होत होता.

माझ्या मते सगळ्यात सोयीचा वार रविवार, संध्याकाळचा. मेसला त्या वेळी सुट्टी असते. बाहेर काहीतरी खाऊन खोलीवर यायचं आणि पंधरा मिनिटं बसायचं. सोमवारच्या सबमिशनची धास्ती मनात असतेच, तिच्या आधी हे उरकून टाकायचं.

पायरी २ : तीन रकाने

सगळी मेख इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

पहिल्या आठवड्यात बहुतेक मुलं असं लिहितात : ‘आईवडिलांमुळे मी शिकतोय. मित्र चांगले आहेत. तब्येत चांगली आहे.’ हे शुभेच्छापत्र झालं. पुढच्या आठवड्यातही हेच लिहिता येतं, वर्षभर हेच लिहिता येतं, आणि लिहून काहीच हलत नाही.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात काय मिळालं. दुसऱ्यात कोणामुळे. तिसऱ्यात, त्यासाठी त्या माणसाला काय करावं लागलं. तिसरा रकाना भरताना पेन अडतं. ते अडायलाच हवं, कारण तिथे विचार करावा लागतो.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वहीतली ओळ, त्याच्या परवानगीने : ‘बुधवारी लाइट गेली. गेटजवळच्या दिव्याखाली बसून जर्नल पूर्ण केलं. वॉचमनकाकांमुळे. त्यांनी स्वतःची खुर्ची दिली, ते दीड तास स्टुलावर बसले, त्यांची कंबर दुखते.’ त्यांची कंबर दुखते हे त्याला आधीपासून माहीत होतं. रकाना भरेपर्यंत दोन गोष्टींची गाठ पडली नव्हती, एवढंच.

पाचच्या पाच ओळी भरल्याच पाहिजेत असं नाही. तीन चालतील. पण एकीतही ‘नेहमी’, ‘सगळे’, ‘खूप’ हे शब्द नकोत. वार हवा, जागा हवी, माणूस हवा. ‘मैत्रीण खूप सपोर्ट करते’ यापेक्षा ‘गुरुवारी ओरलच्या आधी तिने स्वतःची तयारी सोडून माझ्याकडून व्याख्या पाठ करून घेतल्या’ हे लिहा. तिचं नंतर कसं झालं, हा प्रश्न मग आपोआप पडतो.

पायरी ३ : सुखं टिपायची, पण कोणाच्या नावावर न टाकता

प्रत्येक सुखामागे माणूस शोधायलाच हवा असं नाही. काही सुखं फुकटच मिळतात. त्यांच्यासाठी वहीच्या मागच्या पानापासून उलटं लिहीत या. तिथे रकाने नकोत, एकेक ओळ पुरे.

विद्यार्थीदशेतली सुखं फार बारीक असतात आणि म्हणून निसटतात. ऑफ लेक्चर. अभ्यासिकेत पंख्याखालची जागा रिकामी मिळणं. सहाच्या आधी उठल्यामुळे गरम पाण्याची पूर्ण बादली. व्हायवाला आपल्याला येणारा एकमेव प्रश्नच विचारला जाणं. पुण्यात असाल तर हनुमान टेकडीवर डिसेंबरातली सकाळ, खालून शहराचा आवाज येतोय आणि वर मात्र स्वेटरमध्ये हात घालून गप्प बसलेली चार माणसं.

आणि दिवाळीनंतरचा पहिला आठवडा! तो ज्याने वसतिगृहात काढला नाही त्याचं शिक्षण अपुरं राहिलं असं माझं ठाम मत आहे. एका खोलीत पाच जिल्ह्यांचा फराळ. जळगावच्या पोराचा चिवडा तिखटजाळ, सोलापूरच्याच्या डब्यात शेंगापोळी, कोणाच्या आजीच्या करंज्या बसमध्ये दबून नुसता चुरा झालेल्या, आणि तो चुरा चमच्याने खाणारे आम्ही. सगळ्यांच्या चकल्या एका वर्तमानपत्रावर ओतायच्या आणि कोणाच्या आईची चकली कोणती ते ओळखायचं. हा खेळ शनिवारपर्यंत चालायचा, रविवारी डबे घासायला कोणी तयार नसायचं.

टिपायची युक्ती अशी : सुख चालू असतानाच एकदा मनात त्याचं नाव घ्या. ‘हा कटिंग चहा, हा कट्टा, ही अर्ध्या तासाची सुट्टी.’ फोटो नंतर काढा. आणि जमलं तर शेजारच्याला बोलून दाखवा. ‘आज मस्त गार आहे नाही?’ एवढं म्हटलं तरी चालतं, यासाठी कविता करायची गरज नाही.

पायरी ४ : वजा करून बघायचं

जे रोज मिळतं ते दिसेनासं होतं. यावर उपाय म्हणजे ते मनातल्या मनात काढून टाकून बघणं. २००८ साली मिंक्युंग कू आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की चांगली गोष्ट आपल्या वाट्याला आली याचा नुसता विचार करण्यापेक्षा, ती आलीच नसती तर काय झालं असतं हे लिहून काढलं तर माणसाला जास्त बरं वाटतं.

महिन्यातून एकदा एक गोष्ट निवडा आणि अर्धं पान लिहा. हे कॉलेज मिळालं नसतं तर? ती रूममेट दुसऱ्या खोलीत गेली असती तर? प्रवेशाच्या दिवशी अमुक काकांनी जातपडताळणीची फाइल आणून दिली नसती तर?

आपल्याकडे या वजाबाकीला फार कल्पनाशक्तीही लागत नाही, मागचं एखादं शतक बघितलं की पुरतं. गरीब विद्यार्थी ‘वार लावून’ जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरं मिळाली तर आठवडा भागला, पाचच मिळाली तर दोन दिवस कसेबसे काढायचे. नाहीतर झोळी घेऊन माधुकरी मागायची. जातीमुळे ज्यांना ही दारंही उघडी नव्हती त्यांचं तर विचारूच नका. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली ती याच कारणाने. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्याला सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील असं बोर्डिंग चालवलं. त्या पोरांना जेवायला घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. ‘कमवा आणि शिका’ योजनेत सकाळी दोन तास बागेत काम करून तुम्ही शिकत असाल, तर तुमच्या नो ड्यूजवर लक्ष्मीबाईंचीही एक ओळ आहे असं समजा.

पायरी ५ : उरलेले दिवस मोजा

हे थोडं निष्ठुर आहे, पण उपयोगी आहे. जेमी कुर्ट्झ हिने पदवी मिळायला सुमारे सहा आठवडे उरलेल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. उरलेला काळ तोच, पण काहींना तो फार थोडा वाटेल अशा शब्दांत सांगितला आणि काहींना भरपूर वाटेल अशा शब्दांत. ज्यांना थोडा वाटला त्यांचं समाधान वाढलं आणि ते कॉलेजातल्या गोष्टींत जास्त भागही घ्यायला लागले.

वहीच्या पहिल्या पानावर लिहा : अजून किती रविवार? तिसऱ्या वर्षाच्या जुलैत बसलात तर सुट्ट्या, परीक्षा वगळून हातात पंचविसेक येतात. आकडा बघितल्यावर ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य आपोआप बंद होतं.

पायरी ६ : संधीचे आभार मानणं म्हणजे ती वापरणं

आईने केलेल्या भाजीला ‘छान झाली’ म्हणून ताटात तशीच ठेवली तर तिला काय वाटेल? विद्यार्थ्याच्या वाट्याला येणाऱ्या सोयींचं बरोबर तेच होतं. म्हणून वहीत एक पान ‘वाट्याला आलेलं, न वापरलेलं’ अशा नावाने ठेवा आणि महिन्याला त्यातलं एक खोडा. सुरुवातीला भर घालायला काही गोष्टी सुचवते.

ग्रंथपालांना जाऊन विचारा की आपलं कॉलेज ‘एन-लिस्ट’चं सभासद आहे का. असेल तर हजारो ई-पुस्तकं आणि संशोधनपत्रिका तुम्हाला खोलीवर बसून वाचता येतात. लॉगिन ग्रंथपालच काढून देतात. मी विचारते तेव्हा साठ जणांच्या वर्गात दोन हात वर होतात.

शासनमान्य सार्वजनिक वाचनालय जवळपास असतंच. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात त्यांचं जाळं उभं राहिलं. वर्गणी किती ते एकदा जाऊन बघा. पुण्यात असाल तर नगर वाचन मंदिरात एकदा जाऊनच या, १८४८ पासूनची संस्था आहे.

गावी रेल्वेने जात असाल तर सेकंड क्लास आणि स्लीपरला विद्यार्थी सवलत मिळते, कॉलेजातून सही-शिक्क्याचा फॉर्म आणावा लागतो. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचे दोन हिस्से दुसरं कोणीतरी भरतंय. तिसरा रकाना इथेही भरून बघा.

एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. मुलं दाखल्यासाठी येतात, माझी हरकत नाही, मीही त्यासाठीच गेले होते. पण शिबिरात ज्या घरी पहिला चहा झाला ते घर अजून आठवतं.

पुण्यातल्यांसाठी आणखी एक. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. तुमच्या कॉलेजची एकांकिका नसली तरी भरत नाट्य मंदिरात जाऊन बसा. आपल्याच वयाची पोरं रंगमंचावर चुकताना आणि सावरताना दिसणं हे काही कमी शिक्षण नाही. आणि एप्रिल-मेमध्ये शहरात थांबला असाल तर वसंत व्याख्यानमाला आहे, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली.

सगळं करायला जाऊ नका. महिन्याला एक.

पायरी ७ : तोंडाने सांगणं

इथे बहुतेकांचे पाय अडखळतात. आपल्याकडे घरातल्या माणसाला ‘थँक यू’ म्हटलं तर ते दचकतं. ‘आभारी आहे’ म्हटलं तर सत्काराला आल्यासारखं वाटतं. म्हणून ते शब्द बाजूला ठेवा आणि काय झालं तेवढंच सांगा. ‘सर, तुम्ही त्या दिवशी फळ्यावर परत काढून दाखवलंत, त्यामुळे मला तो भाग कळला. पेपरात तोच आला.’ बास. वाक्यात प्रसंग असला की आभार त्यात येतातच.

अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली हेच तपासलं. कृतज्ञतेचं पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होतं की समोरच्याला फार अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात ज्यांना पत्रं गेली ते कमी अवघडले आणि लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त खूश झाले.

अवघडलेपणा मात्र होतो, तो मी नाकारत नाही. पुण्यात मी ज्यांच्याकडे मेस लावली होती त्या मावशींना एकदा धीर करून म्हटलं, ‘मावशी, तुमची आमटी अगदी घरच्यासारखी लागते.’ पोळ्या लाटता लाटता, वर न बघता त्या म्हणाल्या, ‘मग काल वाटीत का ठेवलीस?’ मी जागच्या जागी गार. दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाटीत आमटी अर्धीच यायची आणि संपवली की न मागता दुसरी वाढली जायची.

बोलायला जमत नसेल तर पोस्टकार्ड लिहा, चिठ्ठी लिहा. वस्तू देण्याच्या फंदात विद्यार्थ्याने पडू नये. वॉचमनकाकांना गावाकडच्या चार शेंगा द्याव्यात, एवढं फार झालं.

दोन धोके

पहिला : कृतज्ञतेच्या नावाखाली तक्रार गिळायची नाही. मेसच्या भातात खडे निघत असतील, शिष्यवृत्ती वर्षभर अडकली असेल, वसतिगृहाच्या संडासाला कडी नसेल, तर अर्ज करा, पोच घ्या, पाठपुरावा करा. ‘मिळतंय ते मुकाट घ्या’ म्हणणाऱ्याला तुमच्या कृतज्ञतेशी देणंघेणं नसतं, त्याला शांतता हवी असते. माझ्या वहीत तक्रारींचं पान वेगळं असायचं आणि ते भरलेलं असायचं.

दुसरा धोका घरातून येतो. ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं’ हे ऐकत वाढलेल्या मुलाचा तिसरा रकाना त्याच्या छातीवर बसतो. ‘बाबांनी शेत गहाण टाकलं’ हे लिहिलं की त्याला बरं वाटण्याऐवजी झोप येत नाही. असं होत असेल तर घरच्या ओळी काही दिवस लिहूच नका. वॉचमनकाका, टेकडी, आमटी यांवर राहा. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही असं चाललं असेल तर वही हा त्यावरचा उपाय नव्हे. कॉलेजच्या समुपदेशकांकडे जा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला, मराठीत बोलता येतं.

शेवटची पायरी : स्वतःचा फॉर्म

शेवटच्या सत्राची परीक्षा संपली की खऱ्या नो ड्यूजसाठी आठवडाभर कॉलेजात फिरावंच लागतं. त्याच आठवड्यात दुसरा फॉर्म करा. वही काढून चाळा, दुसऱ्या रकान्यात जी नावं परत परत येतात ती एका कागदावर उतरवा. दहा-बारा निघतील. लॅब असिस्टंट, झेरॉक्सवाले, अभ्यासिकेत पहाटे कुलूप उघडणारे काका, नोट्स देणारी सीनियर. एकेकाला गाठा, पायरी सातमधलं एक वाक्य सांगा, नावापुढे टिक करा. सह्या मागू नका, लोक घाबरतात.

जी माणसं भेटणार नाहीत त्यांच्या ओळी खोडायच्या नाहीत. त्या पुढच्या कोणाच्या तरी नावावर वळत्या करा. सीनियर सापडत नसेल तर तुमच्या नोट्स ज्युनियरला द्या, आणि देताना ‘या मलाही अशाच मिळाल्या होत्या’ एवढं सांगा.

माझ्या फॉर्मवर ड्रायव्हरची ओळ तशीच आहे. मागच्या दिवाळीत गावी जाताना लातूरच्या स्टँडवर थोडा वेळ होता, म्हणून कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन विचारलं, की आमच्या मार्गावर पूर्वी डबे आणायचे ते कोण. त्याला माहीत नव्हतं, तो नंतर आलेला. मग विचारलं, आता डबे येतात का?

‘आता कोण पाठवतंय मॅडम, सगळे मेस लावतात,’ तो म्हणाला. मग रजिस्टरमधून मान वर करून : ‘दोन येतात अजून. साडेदहाच्या गाडीला.’